एकच पत्ता, दोन वाटा: ईमेल की एक्सएमपीपी?

एका मैत्रिणीने संस्थेसाठी डोमेन घेतलंय. आता प्रश्न असा, की ईमेलवरच भागवावं की एक्सएमपीपीचा, म्हणजे झटपट निरोपांसाठीच्या खुल्या नियमसंचावर चालणारा, चॅट सर्व्हरही उभारावा?

दोघांचं नातं जवळचं. ईमेल पाठवण्याचा नियमसंच एसएमटीपी १९८२चा; जॅबर या खुल्या चॅट प्रकल्पातून आलेलं एक्सएमपीपी २००४ साली आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झालं. पत्त्याची घडण सारखीच, नाव@डोमेन, त्यामुळे एकच पत्ता दोन्हीकडे चालतो. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या नोंदवहीत, ईमेल एमएक्स नावाची नोंद बघतं, एक्सएमपीपी एसआरव्ही नावाची.

पोहोचवण्याची तऱ्हा वेगळी. समोरचा सर्व्हर बंद असला तरी ईमेल रांगेत थांबतं, चार-पाच दिवस प्रयत्न चालू राहतात. एक्सएमपीपीत जोडणी सतत उघडी असते, निरोप क्षणात जातो, कोण ऑनलाइन आहे तेही दिसतं. पण समोरचा सर्व्हर बंद असेल तर सहसा लगेच त्रुटी परत येते.

माझ्या मते मोठा फरक प्रेषकाची ओळख पटवण्याचा. मूळ एसएमटीपीत प्रेषक म्हणून कोणीही काहीही लिहावं; एसपीएफ, डीकेआयएम या प्रेषकाचं डोमेन तपासायच्या पद्धती ही नंतरची ठिगळं. एक्सएमपीपीत प्रेषकाचा पत्ता सर्व्हरच तपासतो, आणि पलीकडचा सर्व्हर डोमेन पडताळतो.

माणसं मात्र ईमेलवर. गूगल टॉक या गूगलच्या एक्सएमपीपीवरच्या चॅट सेवेने २००६ साली बाहेरच्या सर्व्हरांना दार उघडलं होतं. तिच्या जागी गूगलचंच हँगआउट्स आलं नि ते दार मिटलं.

देखभालीत प्रोसोडी हे एक्सएमपीपी सर्व्हरचं सॉफ्टवेअर हलकं. मेल सर्व्हर म्हणजे स्पॅमशी रोजची झटापट.

बिलं, ठराव, बाहेरचा पत्रव्यवहार असेल तर ईमेल, तेही तयार सेवेकडून. आतल्या दहा-वीस जणांच्या झटपट बोलण्याला एक्सएमपीपी.