लाइटरूम क्लासिकचं डिटेल पॅनल: लँडस्केपला शार्पनिंग किती द्यायचं?

अ‍ॅडोबीच्या लाइटरूम क्लासिक या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डेव्हलप विभागात ‘डिटेल’ नावाचं एक छोटं पॅनल आहे. शार्पनिंगचे, म्हणजे फोटोची धार वाढवण्याचे, त्यात चारच स्लायडर: अमाउंट, रेडियस, डिटेल आणि मास्किंग. लँडस्केपच्या, म्हणजे निसर्गदृश्याच्या, रॉ फाइलला (कॅमेऱ्याने संस्कार न करता साठवलेल्या फाइलला) जेवढं शार्पनिंग लागतं तेवढं या चौघांत चोख होतं, वेगळं प्लगइन घ्यायची गरज पडत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र किती द्यायचं हे पॅनल सांगत नाही आणि काही ठिकाणी नजरेला चकवतं. म्हणून इथे पॅनलच्या गुणदोषांइतकंच ते वापरताना नेमकं कुठे पाहायचं याबद्दलही लिहिलं आहे.

शार्पनिंगने फोटोत नसलेला तपशील येत नाही. उजळ आणि गडद भाग जिथे शेजारी येतात, तिथे कडेची उजळ बाजू आणखी उजळ होते, गडद बाजू आणखी गडद होते आणि डोळ्याला कड धारदार वाटते. लाइटरूम हे काम फक्त उजळपणावर करतं, रंगांना हात लावत नाही. त्यामुळे कडांवर रंगीत किनार उमटत नाही, ही मोठी जमेची बाजू. रॉ फाइल उघडली की अमाउंट ४०, रेडियस १.०, डिटेल २५ आणि मास्किंग ० असे आकडे आधीच लागलेले असतात. जेपेगला अमाउंट ० मिळतं, कारण कॅमेऱ्याने किंवा फोनने शार्पनिंग करूनच ती फाइल दिलेली असते. रॉसाठी बनवलेला प्रीसेट (साठवून ठेवलेल्या आकड्यांचा संच) जेपेगवर टाकला की शार्पनिंग दोनदा होतं आणि खडकांवर वाळू शिंपडल्यासारखं दिसायला लागतं.

पाहायचं ते १०० टक्क्यांवर, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर. ‘फिट’मध्ये फोटो आकसलेला असतो, त्यावरून शार्पनिंगचा अंदाज बांधता येत नाही, पॅनलमध्ये उद्गारचिन्ह दिसतं ते याचसाठी. पण १०० टक्क्यांतही एक घोळ आहे. दाट पिक्सेलच्या पडद्यावर एकेक पिक्सेल इतका बारीक दिसतो की माणूस नकळत अमाउंट वाढवत नेतो. असा पडदा असेल तर २०० टक्क्यांवर ठरवावं. साध्या पडद्यावर मात्र २०० टक्क्यांवर सगळंच खरखरीत भासतं आणि हात उगाच आखडता घेतला जातो.

पॅनलमध्ये अमाउंट सगळ्यांत वर आहे, म्हणून बहुतेक जण तिथून सुरुवात करतात. प्रत्यक्षात तो शेवटी ठरवायचा. सुरुवातीला अमाउंट तात्पुरता १०० वर ठेवा, म्हणजे बाकीच्या तिघांचा परिणाम उघड दिसेल. मग रेडियस. तो ०.५ पासून ३.० पर्यंत जातो आणि कडेच्या दोन्ही बाजूंना परिणाम किती रुंद पसरणार हे ठरवतो. पानं, गवत, बारीक खडी अशा नाजूक पोतासाठी ०.७ ते ०.९ पुरतो. मोठे कातळ, वाळूच्या टेकड्या, इमारतींच्या कडा असतील तर १.०, फार तर १.२. लँडस्केपमध्ये १.५ च्या पुढे जायचं कारण क्वचितच सापडतं. गवताची पाती तिथे एकमेकांत मिसळून जाड होतात.

डिटेल हा स्लायडर सगळ्यांत कमी समजलेला आहे. तो खाली असला की कडांलगतच्या उजळ रेघा दाबल्या जातात. वर नेला की बारीकसारीक पोतही उचलला जातो आणि हिशेबाची पद्धत डीकॉन्व्होल्यूशनकडे, म्हणजे धूसरपणा उलटा सोडवण्याकडे झुकते. कमी आयएसओवर (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता कमी ठेवून) ट्रायपॉडवरून घेतलेल्या फाइलला ४० ते ६० छान मानवतो. आयएसओ १६०० च्या फाइलला तोच आकडा लावला तर पोताबरोबर नॉइजही (फोटोतले नको असलेले दाणे) उचलला जातो, कारण दोघांतला फरक त्याला कळत नाही. अशा वेळी आधी नॉइज काढावा. एप्रिल २०२३ मध्ये आलेलं एआय डीनॉइज इथे खरोखर उपयोगी आहे. ते चालवून झालं की डिटेल पुन्हा वर नेता येतो. फुजीफिल्मच्या एक्स-ट्रान्स सेन्सरच्या फाइलींना मात्र वेगळी काळजी लागते. त्यांच्यावर डिटेल आणि अमाउंट दोन्ही चढवले की झाडोऱ्यात अळ्या वळवळल्यासारखी नक्षी उमटते. तिथे डिटेल २० ते ३० वरच थांबवावा.

पॅनलचा सर्वोत्तम भाग म्हणजे मास्किंग. ऑल्ट की दाबून, मॅकवर ऑप्शन, हा स्लायडर ओढला की फोटो काळापांढरा होतो. पांढऱ्या भागाला पूर्ण शार्पनिंग, काळ्याला शून्य, करड्याला त्या प्रमाणात. ० वर सगळा पडदा पांढरा असतो, म्हणजे मोकळ्या आकाशातला नॉइजसुद्धा शार्प होत असतो. आकाश पूर्ण काळं होईपर्यंत स्लायडर न्या. बहुतेक वेळा ते २० ते ४० च्या दरम्यान होतं. तिथून पुढे जाताना लक्ष आकाशावर नको, झाडांवर हवं. दाट जंगलाच्या फोटोत ६० च्या आसपास पानांच्या आतला पांढरा ठिपका न ठिपका विझतो, फक्त झाडांची बाहेरची रेघ उरते, आणि जंगल रंगाने माखलेल्या कापसासारखं दिसतं. आकाश आणि पानं दोन्ही एकाच आकड्यात साधत नसतील, तर मास्किंग पानांच्या हिशेबाने कमी ठेवून आकाशाचं वेगळं बघावं. ते कसं, हे पुढे येतं.

आता अमाउंट. तो १५० पर्यंत जातो. इथे फोटोतली सर्वांत नाजूक कड शोधायची आणि तिच्यावरच डोळा ठेवायचा. लँडस्केपमध्ये ती जवळजवळ नेहमी आकाशाला भिडलेली असते: डोंगराची धार, कड्याचं टोक, नाही तर निष्पर्ण फांदी. समजा उजळ आकाशासमोर चार पिक्सेल जाडीची एक डहाळी आहे. अमाउंट ४० वर ती थोडी मऊ दिसते. ६० वर सालीची खडबड जाणवते, टोकं सुटी होतात. ९० ला दोन्ही बाजूंना एकेक पिक्सेलची पांढरी रेघ उगवते, आकाशापेक्षाही उजळ. १२० ला डहाळी कागदातून कातरून आकाशावर चिकटवल्यासारखी दिसते. बाकीच्या फोटोत दोष दिसत नसला तरी हीच पांढरी रेघ छपाईत पहिली डोळ्यांत भरते. म्हणून अमाउंट मुद्दाम १५० वर नेऊन रेघ नेमकी कुठे आहे ते पाहा, मग ती नाहीशी होईपर्यंत मागे या आणि आणखी १० कमी करा. नीट फोकस केलेल्या, कमी आयएसओच्या रॉला हा आकडा बहुधा ५० ते ७५ मध्ये येतो. प्रीसेटने साऱ्या फाइलींना एकच अमाउंट लावणं आम्हाला पटत नाही. एकाच सकाळच्या दोन फोटोंतही ही कड वेगळी असते.

आकडा ठरल्यावर दहा मिनिटं दुसरं काम करावं आणि परत येऊन पाहावं. डोळा धारेला फार लवकर सरावतो.

एका आकड्यात सगळा फोटो बसत नाही, तिथे मास्क पॅनलमधला, म्हणजे फोटोचा ठरावीक भाग निवडून त्यावरच काम करणाऱ्या पॅनलमधला, ‘शार्पनेस’ कामाला येतो. आकाश आपोआप निवडायची सोय ऑक्टोबर २०२१ पासून आहे. आकाशाला −५० दिलं की डिटेल पॅनलमधलं शार्पनिंग तिथे निघून जातं. −५० च्या खाली मात्र तो भाग धूसर व्हायला लागतो, म्हणून तिथेच थांबायचं. लांब एक्स्पोजरमधलं रेशमी पाणी, धुकं आणि धुरकट दूरचे डोंगर यांनाही हाच उपाय. दूरच्या डोंगरांची गोष्ट विशेष जपण्यासारखी आहे. हवेमुळे ते मऊ दिसतात आणि त्या मऊपणातूनच फोटोला खोली येते. त्यांना पुढच्या खडकांइतकी धार दिली की सगळं दृश्य एका भिंतीवर टांगल्यासारखं सपाट होतं. उलट पुढच्या खडकांना ब्रशने +२० ते +३० दिलं तर नजर आपसूक तिथे जाते. एक उणीव नोंदवायला हवी: या स्थानिक शार्पनेसला स्वतःचा रेडियस नाही, तो डिटेल पॅनलमधलाच घेतो. गवताला ०.७ आणि कातळाला १.२ एकाच फोटोत हवं असेल तर फोटोशॉपमध्ये दोन लेयर करण्यावाचून गत्यंतर नाही.

टेक्स्चर आणि क्लॅरिटी या डिटेल पॅनलबाहेरच्या दोन स्लायडरांचा हिशेब अमाउंटच्या आधी उरकावा. मे २०१९ मध्ये आलेलं टेक्स्चर मध्यम आकाराच्या पोतावर काम करतं. खडक ‘बोथट’ दिसतो म्हणून अमाउंट वाढवला जातो, पण पुष्कळदा त्याला हवं असतं टेक्स्चर +१५. अमाउंट आधी ठरवून नंतर टेक्स्चर चढवलं तर आपण हटवलेली पांढरी रेघ परत येते.

मऊपणा नेमका कशामुळे आला हेही ओळखायला हवं. एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केल्यावर, डिफ्रॅक्शनमुळे (छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे २१ मायक्रॉन व्यासाचा होतो, एफ/८ ला साधारण ११. फुल फ्रेम २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एफ/१६ ला तो बिंदू तीनहून जास्त पिक्सेलवर पसरतो. हा मऊपणा सगळ्या फोटोभर एकसारखा असतो, आणि रेडियस १.० च्या आसपास ठेवून डिटेल ६० पर्यंत नेला की तो बऱ्यापैकी सावरतो. फोकस चुकलेला किंवा कॅमेरा हललेला असेल तर मात्र काही हाती लागत नाही. हललेल्या फोटोत प्रत्येक कड दुहेरी असते. शार्पनिंगने दोन्ही कडा ठसठशीत होतात आणि चूक आणखी उघडी पडते.

सर्वांत मोठी तक्रार एक्स्पोर्टबद्दल. ६००० पिक्सेल रुंदीची फाइल २०४८ पिक्सेलला आणली की आकसताना धार कमी होते, ती भरून काढायला एक्स्पोर्टच्या खिडकीत वेगळं आउटपुट शार्पनिंग आहे: स्क्रीन, मॅट कागद, ग्लॉसी कागद, आणि प्रत्येकाला लो, स्टँडर्ड, हाय. ते आकार बदलल्यानंतर लागतं, हे अगदी योग्य. पण त्याचा प्रीव्ह्यू दिसत नाही. फाइल बाहेर काढून, उघडून पाहणं एवढाच मार्ग. पडद्यासाठी स्टँडर्डपासून सुरुवात करावी; गवत किंवा पानगळीची झाडं फोटोभर असतील तर लो. मॅट कागदावर शाई पसरते, म्हणून तिथे स्टँडर्ड किंवा हाय लागतं आणि पडद्यावर ती फाइल थोडी जास्तच टोकदार दिसते. त्याने बिचकू नये. अख्खा फोटो छापण्याआधी डहाळी आणि आकाश असलेला एक तुकडा प्रत्यक्ष आकारात छापून हातभर अंतरावरून पाहावा, एवढं पुरतं. डिटेल पॅनलमधल्या अमाउंटने छपाईची भरपाई करायला जाऊ नये; त्याने मूळ फाइल एकाच कागदाला बांधली जाते.

लाइटरूम क्लासिक भाडेतत्त्वावरच मिळतं. केवळ शार्पनिंगसाठी ते घ्यावं असं आम्ही सुचवणार नाही. मोफत मिळणाऱ्या रॉथेरपीमध्ये ५.८ या आवृत्तीपासून ‘कॅप्चर शार्पनिंग’ आहे, ते रेडियस स्वतः मोजून काढतं आणि डिफ्रॅक्शनच्या मऊपणावर फार सफाईने काम करतं. तसंच मोफत असलेल्या डार्कटेबलमधलं ‘डिफ्यूज ऑर शार्पन’ त्याहून ताकदवान, पण संथ आणि शिकायला अवघड. आधीपासून लाइटरूम वापरत असाल तर मात्र दुसरीकडे जायची गरज नाही. फक्त मास्किंग ० वर सोडू नका आणि एक्स्पोर्ट झालेली फाइल एकदा १०० टक्क्यांवर उघडून ती डहाळी तपासा.