बॅकलिंक विकत घ्यावेत की कमवावेत?

बॅकलिंक, म्हणजे इतर संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणारे दुवे, सर्च इंजिनमधल्या स्थानाला हातभार लावतात, हे नव्याने सांगायला नको. प्रश्न उरतो तो एवढाच, की हे दुवे पैसे मोजून लावून घ्यावेत की मजकुराच्या बळावर ते येण्याची वाट पाहावी. सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या पायथ्याशी जाणाऱ्या एसटीच्या वेळा देणारे एक छोटे मराठी संकेतस्थळ मी चालवतो आणि त्यासाठी दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत.

विकतच्या दुव्यांच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगण्यासारखे बरेच आहे. एका मध्यस्थाकडून मी वीस गेस्ट पोस्ट (दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर छापलेले, आपला दुवा असलेले लेख) घेतल्या आणि दीडएक महिन्यात काही शोधांसाठी माझी पाने निकालांच्या तिसऱ्या पानावरून पहिल्या पानाच्या तळाशी आली. त्याच सुमारास मी वेळापत्रकेही नव्याने भरली होती, त्यामुळे सारे श्रेय दुव्यांना देणे कदाचित योग्य ठरणार नाही. पण वेग जाणवला, हे नाकारता येत नाही.

हा वेग टिकेल का, याबद्दल मात्र शंका घ्यायला जागा आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पेजरँकची कल्पना, म्हणजे गूगलच्या क्रमवारीचा मूळ आधार, दुव्याला शिफारस मानते, आणि विकत घेतलेली शिफारस ओळखण्याचा प्रयत्न गूगल बरीच वर्षे करत आले आहे. २०११ मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीची पाने अशाच दुव्यांमुळे खाली ढकलली गेली, आणि एप्रिल २०१२ मध्ये अशा दुव्यांना लक्ष्य करणारे गूगलचे पेंग्विन अपडेट आले. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मुख्य अल्गोरिदमचा भाग झाले आणि शिक्षा करण्याऐवजी असे दुवे हिशेबात न धरण्याकडे त्याचा कल झाला. डिसेंबर २०२२ पासून तर दुवे घेणारी आणि विकणारी अशी दोन्ही संकेतस्थळे हुडकण्यासाठी स्पॅमब्रेन ही गूगलची यंत्रणा वापरली जाते. हिशेबात न धरलेल्या दुव्याची कोणतीही सूचना आपल्याला मिळत नाही, म्हणजे पैसे वाया गेले तरी ते कळण्याचा मार्ग नसतो. पैसे देऊन लावलेल्या दुव्यावर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी, म्हणजे हा दुवा शिफारस म्हणून धरू नये असे सर्च इंजिनला सांगणारी, खूण असेल तर गूगलची हरकत नसते. पण मध्यस्थ विकतो तो नेमका खूण नसलेला दुवा.

तरीही माझा निर्णय या नियमांमुळे झाला नाही. तो झाला दुवे काढून घेण्याच्या त्रासामुळे. मध्यस्थाने दिलेली यादी मी दर महिन्याला उघडून एकेक पान तपासत असे. आठव्या महिन्यापर्यंत पाच पाने नाहीशी झाली होती, काही दुव्यांवर न सांगता नोफॉलो लागले होते, आणि तीन डोमेन (संकेतस्थळांचे पत्ते) दुसऱ्याच्या हाती जाऊन तिथे जुगाराच्या जाहिराती लागल्या होत्या. त्या जाहिरातींच्या मधोमध ‘किल्ल्यांची एसटी’ हे शब्द आणि माझा दुवा तसाच होता. तो काढावा म्हणून मी त्या तिन्ही ठिकाणी पत्रे लिहिली. एकाकडून उत्तर आले नाही आणि उरलेल्या दोघांनी दुवा काढण्याचे पैसे मागितले. वाचकांनी विश्वासाने वापरावे म्हणून उभारलेल्या कामाचे नाव अशा जागी अडकून पडावे आणि ते सोडवण्याचा अधिकारही आपल्याकडे नसावा, याचे मला फार वाईट वाटले. शेवटी ती तीन डोमेन डिसअव्हाऊच्या, म्हणजे हे दुवे माझ्या हिशेबात धरू नका असे गूगलला कळवण्याच्या, यादीत टाकली. त्यामुळे गूगलसाठी प्रश्न मिटला असेल, पण त्या पानांवर माझा दुवा आजही दिसतो.

कमावलेल्या दुव्यांचा वेग कमी असतो, आणि तो सहन करण्याची तयारी हवी. परतीची शेवटची गाडी कोणत्या गावातून किती वाजता सुटते, असा एक तक्ता मी केला आणि दर हंगामाआधी फोन करून तो तपासत राहिलो. दोन वर्षांत त्याला अकरा दुवे मिळाले, त्यांतले बहुतेक ट्रेकिंग गटांच्या पानांवरून. कोणी ‘परतीची गाडी इथे पाहा’ असे लिहिले, कोणी नुसता पत्ता दिला. विकतच्या दुव्यांसारखा वीस ठिकाणी एकच शब्दप्रयोग, असा प्रकार इथे नव्हता. या दुव्यांवरून प्रत्यक्ष माणसे येतात, आणि वेळ बदलली की त्यांच्यापैकीच कोणीतरी मला कळवते. त्या तक्त्याचे स्थान गेल्या दोन पावसाळ्यांत फारसे हललेले नाही.

विमा किंवा कर्जासारख्या विषयांत, जिथे प्रत्येक स्पर्धक दुव्यांवर खर्च करतो, तिथे माझा अनुभव कदाचित पुरेसा ठरणार नाही. नुकत्याच सुरू झालेल्या व्यवसायाला दोन वर्षे थांबणे परवडत नाही, हेही मी समजू शकतो. मात्र त्यांनी खूण असलेली जाहिरात घेऊन ग्राहक मिळवावेत, असे मला सुचवावेसे वाटते. तरीही विकतचाच मार्ग घ्यायचा असेल, तर दुवा किती दिवस राहील याबरोबरच तो काढायचा झाल्यास कोण काढेल आणि किती पैशांत, हेही आधी लेखी ठरवून घ्यावे. माझ्या मध्यस्थाकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि मी पुन्हा त्याच्याकडे गेलो नाही.