एकच फोन, दोन कॅल्क्युलेटर: सहा महिन्यांनंतर

आमच्या घरात धड चालणारा फोन एकच. सकाळी बंदरावर माझ्या खिशात, संध्याकाळी लेकीच्या हातात, कारण शाळेचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. देवगडात खलाशांच्या ग्रुपवर रात्री मोठ्यांपुरतं काय काय येतं ते सांगायला नको. आणि खोटं कशाला बोलू, त्यातलं थोडं मीच जपून ठेवलेलं.

1 जूनला मासेमारी बंद झाली आणि फोन दिवसभर घरात राहायला लागला. घाईघाईत कॅल्क्युलेटरसारखं दिसणारं, फोटो लपवायचं एक अ‍ॅप टाकलं. आठ दिवसांत सातवीतली पोर टक्केवारीची गणितं करता करता विचारते, "बाबा, हे दोन कॅल्क्युलेटर कित्याक?" शिवाय त्यातल्या जाहिराती लपवलेल्या मालापेक्षा वाईट. काढून टाकलं, तर चुकून आत ढकललेले बोटीच्या कागदांचे फोटोही गेले.

मग गुगल फोटोजचं लॉक्ड फोल्डर. ते फोनच्याच लॉकने उघडतं, आणि आमचा पिन शेजारच्या काकीलाही पाठ आहे.

टिकलं ते गुगलच्या फाइल्स अ‍ॅपमधलं सेफ फोल्डर. त्याचा पिन वेगळा. आत हलवलेलं गॅलरीत दिसत नाही, अ‍ॅपमधून बाहेर पडलं की आपोआप कुलूप. पिन विसरलात तर मात्र आतलं गेलंच समजा. मी आधी बोटीच्या नंबरातले आकडे ठेवले होते. लेकीला तो नंबर माझ्याआधी आठवतो म्हणून बदलले.

खरा फरक पडला व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. ऑटो-डाउनलोड बंद, मीडिया व्हिजिबिलिटीही (आलेले फोटो-व्हिडिओ गॅलरीत दाखवायची सोय) बंद. ती फक्त नव्या फाइलींना लागू होते, जुन्या हाताने पुसाव्या लागल्या. गुगल फोटोजमधून पुसलेलंही तिथल्या ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतं, बॅकअप असेल तर 60. हे मला गणपतीत कळलं, भाचा चुकून उडालेला मखराचा फोटो ट्रॅशमध्ये शोधायला लागला तेव्हा. फोन हिसकावूनच घेतला म्हणा ना.

ग्रुप सोडता येत नाही, बर्फाचा आणि डिझेलचा निरोप तिथेच येतो. म्हणून चॅट लॉक करून वेगळा सीक्रेट कोड लावलाय. आता तो यादीत दिसतच नाही, आणि मलाही वेळेवर कळत नाही. नोव्हेंबरात बर्फाची गाडी लवकर आल्याचा निरोप तसाच पडून राहिला. तेव्हापासून तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, सांगून ठेवलंय, कामाचं असेल तर सरळ फोन कर.