साताऱ्यातलं बिनपाटीचं गॅरेज

जुनी गाडी तापून बंद पडलीय आणि दुरुस्त करावी की भंगारात घालावी हेच कळत नाहीये, तर साताऱ्यात एमआयडीसीतल्या या गॅरेजात जा. पाटी नाही. हेडचं (इंजिनच्या वरच्या भागाचं) काम करणारे मिस्त्री कुठे बसतात विचारलं, की शेजारचा पंक्चरवालाही दाखवतो.

आमची २००९ ची वॅगन-आर. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा एचला, म्हणजे 'हॉट'ला टेकला, बॉनेटमधून वाफ. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने नुसतं वाकून बघितलं आणि निकाल दिला, "इंजिन बसलं. वीस हजारांत मीच घेतो." आमचे हे देऊन टाकायलाच निघाले होते.

या मिस्त्रींनी आधी ऑइलची कॅप काढून आतून बोट फिरवलं. पाणी शिरलं असतं तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं असतं. ते काळंच होतं. मग प्लग काढून कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात दाब किती बनतो ते मोजलं. मधले दोन सिलिंडर पडलेले, कडेचे दोन ठणठणीत. "शेजारचे दोन एकदम पडले म्हंजी मधी गॅस्केट (हेडखालचं पातळ सील) फुटलीय, ताई. हेड उतरवायचं तीन हजार. बघू. न्हाई पटलं तर तिथंच थांबू."

हे 'तिथंच थांबू' मला फार आवडलं. एकदम मोठा आकडा सांगून घाबरवणं नाही.

हेड उतरल्यावर मला बोलावून घेतलं. हेड वाकलंय का बघायला धुतलेल्या हेडवर स्टीलची पट्टी तिरकी धरली आणि फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची पाती माझ्याच हातात दिली. ०.०५ मिलिमीटरची पाती खालून जायला नको. मधोमध ती सहज गेली, ०.१० ची अडली. "फेसिंगमधी (घासून सपाट करताना) निघंल. चीर असती तर मीच नको म्हणलो असतो." चीर नाही याची खात्री प्रेशर टेस्ट करून घेतली. खरं दुखणं रेडिएटरचं निघालं. आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलेलं, निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या.

नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट, गॅस्केट सेट, टायमिंग बेल्ट, ऑइल, मजुरी धरून १९,५०० झाले. महाग वाटेल. पण पत्रा सडलेला नाही, आणि पंधरा वर्षं झाल्यावर २०२४ मध्ये पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरून आरसी पाच वर्षांसाठी वाढवलेली आहे. आरसी संपत आली असती तर मी गुपचूप वीस हजार घेऊन मोकळी झाले असते. आता एसी लावून घाट चढते, काटा अर्ध्याच्या खालीच असतो.

तक्रारी आहेतच. सांगितलेल्या दिवशी गाडी मिळत नाही, लेथवाल्याकडे बोट दाखवतात. बिल वहीच्या कागदावर. बसायला एक स्टूल, त्यावरही बहुधा कार्ब्युरेटर ठेवलेला. फोन उचलत नाहीत, त्यामुळे सकाळी दहाच्या आत समक्ष गेलेलं बरं. सोमवारी बंद.