जीएनयू रेडिओमध्ये स्वतःचे ब्लॉक लिहिताना : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

न्हावा शेवा बंदरात आणि मुंबईच्या बंदरपट्ट्यात ये-जा करणारी जहाजे आपली ओळख, स्थान आणि वेग व्हीएचएफ रेडिओवरून सतत प्रसारित करत असतात. एआयएस या नावाने ओळखले जाणारे हे संदेश नेरुळमधील आमच्या इमारतीच्या गच्चीवरून टिपण्यासाठी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक संदेश नेमक्या कोणत्या क्षणी आला हे मोजण्यासाठी, मी गेले काही महिने जीएनयू रेडिओ या, रेडिओ-संकेतांवर संगणकातच प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअर प्रणालीची ३.१० ही आवृत्ती वापरत आहे. पडद्यावर तयार ब्लॉक, म्हणजे संकेतावर एकेक काम करणारे घटक, मांडून ते रेघांनी जोडण्याविषयी पुष्कळ साहित्य उपलब्ध आहे, म्हणून हे लेखन स्वतःचे ब्लॉक लिहिण्याच्या अनुभवापुरतेच मर्यादित ठेवले आहे. माझे मत आधीच नोंदवतो. ही प्रणाली नियमांच्या बाबतीत अतिशय काटेकोर आहे, मात्र ब्लॉकला माहिती किती लांबीच्या तुकड्यांत मिळेल हे ठरवण्याचा अधिकार ती ब्लॉक लिहिणाऱ्याला देत नाही, आणि ब्लॉकची रचना करणे म्हणजे बहुतांशी या एका अटीचा बंदोबस्त करणे होय.

जीएनयू रेडिओ २००१ मध्ये एरिक ब्लॉसम यांनी जॉन गिलमोर यांच्या आर्थिक पाठबळावर सुरू केले आणि ते आज जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली मुक्तपणे उपलब्ध आहे. माझी यंत्रसामग्री साधी आहे: मुळात दूरचित्रवाणीसाठी बनलेल्या आरटीएल२८३२यू चिपचा डोंगल (संगणकाला खोचायचा छोटा रेडिओ-ग्राहक), सुमारे ४६ सेंटीमीटर लांबीची पाव-तरंग अँटेना आणि एक जुना लॅपटॉप. एआयएसच्या दोन वाहिन्या १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर आहेत, म्हणून डोंगल १६२ मेगाहर्ट्झवर लावून सेकंदाला ९,६०,००० सॅम्पल (संकेताची मोजलेली मूल्ये) घ्यायचे, प्रत्येक वाहिनी मध्यावर सरकवून गाळायची आणि वीसातला एक सॅम्पल ठेवायचा, असा हिशोब ठेवला. त्यामुळे प्रत्येक वाहिनीवर सेकंदाला ४८,००० सॅम्पल मिळतात. एआयएसचा वेग सेकंदाला ९,६०० बिट असल्याने एका बिटाला बरोबर पाच सॅम्पल येतात आणि पुढचे सगळे गणित पूर्णांकांत राहते. इथपर्यंतचे काम तयार ब्लॉक उत्तम करतात आणि त्यात हात घालण्याचे काहीच कारण नाही.

स्वतःचा ब्लॉक लिहायला घेतला की पहिला प्रश्न येतो तो कोणत्या मूळ वर्गापासून सुरुवात करावी याचा. जितके सॅम्पल आत तितकेच बाहेर असा सिंक ब्लॉक, ठरावीक प्रमाणात घट करणारा डेसिमेटर, ठरावीक प्रमाणात वाढ करणारा इंटरपोलेटर आणि या कोणत्याच साच्यात न बसणारा सर्वसाधारण ब्लॉक असे मुख्य पर्याय आहेत. सर्वसाधारण ब्लॉकमध्ये सर्व काही करता येते, परंतु इतके सॅम्पल बाहेर द्यायचे तर किती आत लागतील हे फोरकास्ट या फंक्शनमध्ये सांगणे आणि प्रत्यक्षात किती वापरले हे कन्झ्यूम करून कळवणे ही दोन्ही कामे लिहिणाऱ्यावर येतात. फोरकास्टने बफरच्या (दोन ब्लॉकांमधील तात्पुरत्या साठ्याच्या) क्षमतेपेक्षा जास्त मागणी केली, तर शेड्युलर, म्हणजे ब्लॉकांना चालवणारा भाग, तशी तक्रार छापून हात वर करतो आणि तो ब्लॉक तिथेच थांबतो. माझा सल्ला असा की, सर्वसाधारण ब्लॉककडे वळण्यापूर्वी काम सिंक ब्लॉकमध्ये बसवता येते का, हे चिकाटीने तपासावे. वाटते त्यापेक्षा पुष्कळ वेळा ते बसते.

आता मूळ अटीकडे येतो. दोन ब्लॉकांमधील बफर साधारण ६४ किलोबाइटचा असतो, म्हणजे आठ बाइटचा एक संमिश्र (दोन संख्यांच्या जोडीचा) सॅम्पल धरल्यास त्यात ८,१९२ सॅम्पल मावतात. तो वर्तुळाकार असून आभासी स्मृतीत लागोपाठ दोनदा नकाशित केलेला असतो, त्यामुळे ब्लॉकला मिळणारा तुकडा नेहमी सलग दिसतो आणि बफरचे टोक कुठे आहे याची चिंता करावी लागत नाही. हे फार सुरेख काम आहे. परंतु शेड्युलर ब्लॉकच्या वर्क या फंक्शनला हाक मारतो, त्या प्रत्येक हाकेला तुकड्याची लांबी वेगळी असते: एकदा ४,०९६, लगेच पुढच्या वेळी ३७, क्वचित एकच. एआयएसचा संदेश अशा दोन तुकड्यांच्या सांध्यावर कधीही कापला जाऊ शकतो. त्यामुळे मागच्या हाकेतले जे काही पुढे लागणार आहे ते ब्लॉकच्या सदस्य चलांमध्ये (दोन हाकांच्या मधेही टिकणाऱ्या चलांमध्ये) तरी राखले पाहिजे, किंवा सेट हिस्टरी वापरून मागचे ठरावीक सॅम्पल पुन्हा समोर ठेवण्यास शेड्युलरला सांगितले पाहिजे. फिल्टरसारख्या कामाला हिस्टरी योग्य आहे, कारण तिथे मागचे किती सॅम्पल लागतात हे आधीच ठाऊक असते. जिथे अवस्था महत्त्वाची, म्हणजे आपण संदेशाच्या आत आहोत की बाहेर हे लक्षात ठेवायचे, तिथे सदस्य चलच बरे.

याची परीक्षा घेण्याचा एक मार्ग मला सर्वांत उपयोगी वाटला. चाचणीमध्ये फ्लोग्राफ, म्हणजे जोडलेल्या ब्लॉकांची साखळी, चालवताना एका हाकेतील सॅम्पलची कमाल संख्या देता येते. तीच चाचणी आधी मर्यादेशिवाय, मग कमाल १ ठेवून, मग ७ किंवा १३ अशा कशालाही न भागणाऱ्या आकड्यावर चालवावी आणि तिन्ही वेळचे उत्तर बिटाबिटाने जुळते का ते पाहावे. जुळले नाही, तर ब्लॉक तुकड्याच्या लांबीवर कुठेतरी विसंबून आहे. मॉडटूल हे साधन नवीन ब्लॉकबरोबर चाचणीची रिकामी फाइल तयार करून देते, परंतु ही युक्ती त्यात आपोआप येत नाही.

वेळेच्या मोजमापाने या अटीचा खरा कस पाहिला. एआयएसमध्ये एका मिनिटाचे २,२५० स्लॉट (संदेश पाठवण्यासाठीचे ठरलेले कालखंड) असतात, म्हणजे एक स्लॉट सुमारे २६.६७ मिलिसेकंदांचा, आणि माझ्या हिशोबात १,२८० सॅम्पलचा. बंदरपट्ट्यात कोणते स्लॉट किती भरलेले असतात हे मला पाहायचे होते. संदेश सापडताच संगणकाचे घड्याळ वाचणे हा सोपा वाटणारा मार्ग इथे निरुपयोगी आहे. आरटीएल डोंगलचे ड्रायव्हर मूळ मांडणीत २,६२,१४४ बाइटचा गठ्ठा एकदम हवाली करते. माझ्या सॅम्पल-वेगाला तो १३६ मिलिसेकंदांहून अधिक काळाचा, म्हणजे पाच स्लॉटांहून मोठा असतो. त्या गठ्ठ्यातले पाच वेगवेगळे संदेश घड्याळाच्या दृष्टीने जवळजवळ एकाच क्षणी येतात. जीएनयू रेडिओ मात्र प्रत्येक ब्लॉकला सुरुवातीपासून किती सॅम्पल वाचले याचा ६४ बिटांचा अचूक आकडा देते. त्यात तुकड्यातील स्थान मिळवले की संदेशाचा आरंभ एका सॅम्पलच्या, म्हणजे सुमारे २१ मायक्रोसेकंदांच्या, बारकाईने नोंदवता येतो. वेळ घड्याळात न शोधता मोजणीत शोधावी, ही शिस्त या प्रणालीने इतकी सहज उपलब्ध करून दिली आहे की तेवढ्यासाठीही मी तिची शिफारस करेन.

मी लिहिलेला मुख्य ब्लॉक वाहिनीवरील ऊर्जा पाहून संदेशाचा बर्स्ट (एका संदेशापुरते छोटे प्रक्षेपण) वेगळा काढतो. तो सिंक ब्लॉकच आहे. त्याला प्रवाहाचा एक आदान मार्ग आहे आणि प्रवाहाचा निर्गम मार्ग एकही नाही. बर्स्ट सुरू झाला की तो सॅम्पल साठवतो, संपला की आरंभाच्या सॅम्पल-क्रमांकासह संदेश पोर्टवरून (ब्लॉकांमध्ये प्रवाहाऐवजी सुटे संदेश नेणाऱ्या मार्गावरून) पुढे पाठवतो. निर्गम प्रवाह नसल्यामुळे सिंक ब्लॉक पुरतो, आणि त्यामुळे फोरकास्ट आणि कन्झ्यूम ही दोन्ही ओझी उतरतात. साठवणीला वरची मर्यादा घालणे आवश्यक आहे. एआयएसचा संदेश सलग पाच स्लॉटांहून मोठा नसतो, म्हणून ६,४०० सॅम्पलनंतर जे काही चालू असेल ते संदेश नसून गोंगाट आहे असे मानून टाकून देता येते.

प्रवाह इथेच थांबवून पुढे एकेका बर्स्टचे काम करण्याचा आणखी मोठा फायदा डीमॉड्युलेशनमध्ये, म्हणजे रेडिओ-संकेतातून बिट काढताना, दिसला. एआयएसच्या आरंभी फक्त २४ बिटांचा सराव-क्रम (ग्राहकाला जुळणी करता यावी म्हणून ठरलेला क्रम) असतो. सतत चालणाऱ्या घड्याळ-जुळणीच्या लूपला तेवढ्यात स्थिरावणे अवघड जाते. पूर्ण बर्स्ट हातात असेल तर मात्र त्या २४ बिटांच्या, म्हणजे १२० सॅम्पलच्या, फ्रिक्वेन्सी डिस्क्रिमिनेटरमधून (वारंवारतेचे मूल्य देणाऱ्या टप्प्यातून) मिळालेल्या मूल्यांची सरासरी काढली की वारंवारतेतील चूक थेट मिळते, कारण त्या क्रमाची स्वतःची सरासरी शून्य असते. स्वस्त डोंगलच्या स्फटिकाची चूक ५० पीपीएम (दशलक्षात ५० भाग) असली तर १६२ मेगाहर्ट्झवर ती ८ किलोहर्ट्झच्या वर जाते, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या डब्यात स्फटिक कसा वागतो ते इथल्या उन्हाला विचारावे. या पद्धतीत डोंगलची आणि जहाजाच्या प्रक्षेपकाची, दोन्ही चुका प्रत्येक बर्स्टपुरत्या एकत्रच वजा होतात. याची किंमतही आहे. प्रवाहात पुढचा ब्लॉक मंद पडला तर मागच्याला आपोआप थांबावे लागते. संदेश पोर्टांना असा मागून येणारा दाब नसतो, रांग वाढत जाते. सेकंदाला काही डझन बर्स्ट असणाऱ्या एआयएससाठी हे चालते, अखंड प्रक्षेपणासाठी चालणार नाही.

संदेश पोर्टांचा एक गुण मला उशिरा उमगला आणि फार कामी आला. प्रवाहाच्या जोडण्यांमध्ये चक्र चालत नाही, संदेशांच्या जोडण्यांमध्ये चालते. सॅम्पल मोजून ठेवलेली वेळ डोंगलच्या स्फटिकाबरोबर हळूहळू सरकते. २० पीपीएम चुकीला तासाभरात ७२ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेतीन स्लॉट. ते सुधारण्यासाठी मी जहाजांचीच मदत घेतली. क्लास ए, म्हणजे मुख्यतः मोठ्या व्यापारी, जहाजांच्या पहिल्या प्रकारच्या स्थान-संदेशात शेवटी दळणवळणाची स्थिती सांगणारे बिट असतात आणि त्यांतील उलटगणती २, ४ किंवा ६ वर असताना त्या जागी चालू स्लॉटचा क्रमांकच लिहिलेला असतो. उलगडलेल्या संदेशातला तो क्रमांक मी मागे बर्स्ट ब्लॉककडे पाठवतो आणि तो आपली मोजणी जुळवून घेतो. संदेशाचा हँडलर (आलेला संदेश हाताळणारे फंक्शन) त्या ब्लॉकच्याच थ्रेडमध्ये (स्वतंत्र कार्यधारेत), दोन वर्क हाकांच्या मधे चालतो, त्यामुळे तिथे कुलूप (एका वेळी एकाच थ्रेडला प्रवेश देणारी अडवणूक) लावावे लागत नाही. खिडकीतल्या सरकपट्टीवरून बदलणाऱ्या मूल्यांची गोष्ट वेगळी आहे. ती दुसऱ्या थ्रेडमधून येतात आणि तिथे कुलूप अनिवार्य आहे. नांगरलेली किंवा धक्क्याला लागलेली जहाजे तीन मिनिटांनी एकदा बोलतात, चालती जहाजे वेगानुसार २ ते १० सेकंदांनी, तेव्हा जुळणीसाठी संदेशांचा तुटवडा या भागात कधी पडत नाही.

टॅग ही सोय मी कमी वापरली. एखाद्या सॅम्पलला चिकटवलेली ही चिठ्ठी सॅम्पलचा वेग बदलला तरी प्रमाणानुसार पुढे सरकते, परंतु फिल्टरमुळे होणारा विलंब ब्लॉकने वेगळा जाहीर करावा लागतो आणि बिट-घड्याळ जुळवणाऱ्या ब्लॉकनंतर प्रमाण पूर्णांक उरत नाही. जिथे एका सॅम्पलची चूकही नको, तिथे मी टॅगवर विसंबणार नाही.

पायथनमध्ये ब्लॉक लिहिणे सुरुवातीला अतिशय सुखद आहे. फ्लोग्राफमध्येच कोड लिहून लगेच चालवता येतो आणि नमपाय या गणिती लायब्ररीच्या साहाय्याने ४८,००० सॅम्पल सहज पेलतात. प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र थ्रेड मिळत असला तरी पायथनचे ब्लॉक एकाच इंटरप्रिटर-कुलपावर थांबतात, म्हणजे एका वेळी एकच चालतो, हे लक्षात ठेवले की सी++ कडे केव्हा वळायचे ते आपोआप कळते. सी++ कडे वळल्यावर मात्र संयम लागतो. ३.९ पासून सी++ ला पायथनशी जोडणाऱ्या स्विग या साधनाच्या जागी पायबाइंड११ आले असून, हेडर फाइलमध्ये (ब्लॉकचे बाह्य रूप जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) बदल केला की बाइंडिंग, म्हणजे पायथनशी जोडणारे दुवे, जुळत नसल्याचे सांगून बांधणी थांबते आणि ते पुन्हा तयार करावे लागतात. कारण रास्त आहे, तरी दिवसातून अनेकदा हेडर बदलणाऱ्याला ते जाचक वाटते. म्हणून पोर्ट आणि प्राचले आधी कागदावर पक्की करावीत. तसेच ३.७ च्या काळातील बाहेरची मॉड्यूल ३.१० वर जशीच्या तशी चालत नाहीत: ३.८ मध्ये ब्लॉकांची वर्णने एक्सएमएलवरून वायएएमएलवर गेली आणि पायथन ३ आले. एखादे मॉड्यूल उतरवून घेण्यापूर्वी ते कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते पाहणे आवश्यक आहे.

रेकॉर्डिंगबाबत एक व्यावहारिक सूचना. डोंगलचा कच्चा प्रवाह तासाला सुमारे ६.९ गिगाबाइट होतो. घट केलेली एक वाहिनी संमिश्र स्वरूपात साठवली तर सुमारे १.४. चाचण्यांसाठी दुसरीच पुरेशी आहे.

जीएनयू रेडिओ ४.० ची मांडणी पायापासून नव्याने केली जात आहे. तिथे एका वेळी एकच सॅम्पल हाताळणारे फंक्शन लिहून ब्लॉक पूर्ण करता येतो, अथवा पूर्वीप्रमाणे तुकडा हाताळता येतो, ३.१० साठी लिहिलेले ब्लॉक तिथे आहेत तसे चालणार नाहीत. हे ध्यानात घेऊन बर्स्ट ओळखण्याचा, वारंवारता सुधारण्याचा आणि बिट काढण्याचा सगळा कोड मी साध्या सी++ वर्गांत ठेवला आहे. त्यांना जीएनयू रेडिओचे एकही हेडर लागत नाही आणि मूळ ब्लॉक म्हणजे त्यांच्यावरचे काही ओळींचे आवरण आहे. या वर्गांच्या चाचण्या शेड्युलरशिवाय, काही सेकंदांत चालतात, आणि बांधणीचा वर सांगितलेला जाचही त्यामुळे पुष्कळ कमी झाला आहे.