उतरलेली बॅटरी: चार्जिंग की बदल?

दुचाकीच्या सेल्फचे बटण दाबल्यावर नुसता ‘टक’ आवाज येतो आणि मीटरचे दिवे मंदावतात, तेव्हा बॅटरी चार्ज करावी की बदलावी, अशा पेचात आमचे एक शेजारी आहेत. चार्जिंग अर्थातच स्वस्त पडते. मात्र ५ अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी अर्ध्या अँपिअरने सावकाश भरायला दहा-बारा तास लागतात. नवी बॅटरी अर्ध्या तासात बसते.

खरा निकष टिकाऊपणाचा आहे. पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवलेली बॅटरी सकाळी मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजण्याच्या उपकरणावर) १२.६ व्होल्टच्या आसपास असेल आणि सेल्फ मारताना आकडा १० च्या खाली जात नसेल, तर ती अजून धडधाकट आहे. उलट, चार्जिंगनंतरही तो १०.५ लाच अडकला, तर बॅटरीतल्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) एक बहुधा गेलेला असतो आणि पुन्हा चार्ज करण्यात अर्थ नसतो. इंजिन थोडे रेझ करूनही बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळत नसतील, तर आधी गाडीची चार्जिंग यंत्रणा तपासावी, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

गाडी महिनाभर उभी राहिल्याने उतरलेल्या, वर्ष-दोन वर्षांच्या बॅटरीला चार्जिंग पुरते. रोज कामावर जाणाऱ्याने चार वर्षांची, वारंवार उतरणारी बॅटरी बदलावीच, विशेषतः गाडीला किक नसेल तर.