4000 ची रील, साडेसात फुटी रॉड आणि सेबॅस्टियन इनलेटचा अख्खा फॉल सीझन : वापरानंतरचा अनुभव

ऑगस्टच्या शेवटी घेतलेली, गळाने मासे पकडायची 4000 साइझची (आकडा जितका मोठा तितकी रील मोठी) स्पिनिंग रील आणि तिच्यासोबतचा साडेसात फुटी मीडियम-हेवी रॉड, दोन्ही आता जानेवारीपर्यंत वापरून झालेत, म्हणजे फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा अख्खा फॉल (शरद) सीझन यांच्यावर काढला. घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात लिहिलेले रिव्ह्यू खाऱ्या पाण्याच्या सामानाबाबत फार कामाचे नसतात असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मीठ आपलं काम हळूहळू करतं आणि रील कशी आहे ते तीन महिन्यांनंतरच कळतं. कंपनीचं नाव देत नाही, दीडशे ते दोनशे डॉलरमधल्या सील्ड ड्रॅगवाल्या (ड्रॅग म्हणजे मासा ओढायला लागला की दोरी हळूहळू सुटू देणारा ब्रेक, सील्ड म्हणजे आत पाणी न जाणारा) बहुतेक रील आतून सारख्याच असतात आणि मला सांगायचंय ते या वर्गाबद्दलच आहे.

आधी जागा सांगतो, कारण जागा कळल्याशिवाय सामानाचं काही कळणार नाही. सेबॅस्टियन इनलेट म्हणजे इंडियन रिव्हर लगून अटलांटिकला जिथे मिळते ते एक अरुंद, माणसाने खणलेलं मुख. नावात नदी असली तरी लगून म्हणजे 156 मैल लांबीची खाडीच आहे, आणि एवढ्या मोठ्या खाडीचं पाणी आत-बाहेर करायला मुखं मोजकीच, त्यामुळे इथे पाण्याला जी ओढ असते ती बघायलाच हवी. गंमत म्हणजे भरती-ओहोटीचा फरक इथे जेमतेम दोन-अडीच फूट. मी रेवदंड्याचा, उधाणाला कुंडलिकेचं पाणी कुठच्या कुठे चढतं ते लहानपणापासून बघितलेलं, म्हणून इथलं टाइड टेबल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा यात काय दम असणार असं वाटलं होतं. पण उंची कमी म्हणजे ओढ कमी असं मुळीच नाही. आणि दुसरी गोष्ट, बीचवर पूर्ण भरती झाली तरी इनलेटमध्ये पाणी बराच वेळ आतच वाहत राहतं, लगेच फिरत नाही, त्यामुळे नुसती भरतीची वेळ बघून येणारे लोक चुकीच्या वेळी उभे असतात. पाणी कधी फिरतं ते बघायचं, घड्याळ नंतर.

आता मुख्य गोष्ट, बोईटांची रन, म्हणजे बोईट माशांचं थव्याने होणारं दरवर्षीचं स्थलांतर. इथे तिला मलेट रन म्हणतात. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबर संपेपर्यंत, कधी नोव्हेंबरातही, बोईटांचे थवे किनाऱ्याला चिकटून दक्षिणेकडे सरकत असतात. दिवस लहान व्हायला लागतो, पाण्याचं तापमान किंचित उतरतं, उत्तरेकडून पहिला वारा येतो आणि खाड्यांमधून बोईट बाहेर पडतात, मोठे काळे बोईट पुढे खोल समुद्रात अंडी घालायला जातात. लांबून पाहिलं तर बीचपासून वीस-पंचवीस फुटांवर पाण्यावर ढगाची सावली पडल्यासारखा काळा पट्टा दिसतो, आणि मग ती सावली अचानक फुटते. जॅक क्रेव्हाल हे दांडगे शिकारी मासे खालून घुसले की शेकडो बोईट एकदम हवेत, काही तर थेट वाळूवर येऊन पडतात, त्यांच्या मागे टार्पन या मोठ्या माशाची चांदीसारखी पाठ वर येते, ब्लॅकटिप आणि स्पिनर शार्क लाटेतच गोल फिरताना दिसतात, वरून पेलिकन. गुडघाभर पाण्यात उभं राहून हे बघायचं म्हणजे अंगावर काटा येतो, आणि खरं सांगतो, मासा लागला नाही तरी मला चालतं. पण अशा वेळी पाण्यातून बाहेर यायचं बरं का, शार्कला बोईट कुठला आणि पोटरी कुठली ते गढूळ पाण्यात कळत नाही.

रीलची खरी परीक्षा इथेच. वीस पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), त्यापुढे चाळीस पौंडी फ्लोरोकार्बन लीडर (गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा), मधे दोन्ही जोडणारी एफजी गाठ. ड्रॅग मी पाच-सहा पौंडावर ठेवतो, म्हणजे दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव हिश्श्याच्या आसपास. डब्यावर पंचवीस पौंड ड्रॅग वगैरे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं त्याला माझ्या दृष्टीने काही अर्थ नाही, एवढा ड्रॅग लावला तर वीस पौंडी ब्रेड आधी तुटेल. बघायचं असतं ते हे की मासा पळायला लागला त्या क्षणी ड्रॅग गुळगुळीत सुटतो की आधी अडकून मग झटका देतो, कारण त्या झटक्यातच लीडर जातो. या रीलचा ड्रॅग सप्टेंबरात जसा सुटत होता तसाच डिसेंबरात सुटला, आणि माझ्यासाठी तेवढ्यावर पैसे वसूल आहेत. मोठा जॅक लागला की पहिल्या पळीत शंभर यार्ड दोरी सहज नेतो आणि मग आडवा होऊन ताकद लावत बसतो, अर्धा तास कुठे गेला कळत नाही, खायला तो मासा इथे फारसं कुणी नेत नाही पण ड्रॅग तपासायला त्याच्यासारखा मासा नाही.

स्नूक या माशाची गोष्ट वेगळी. रायगडकरांना सांगायचं तर जिताड्याचा दूरचा नातेवाईक शोभेल असा, तसंच निमुळतं डोकं, तसाच पुढे आलेला खालचा जबडा, फक्त अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. सवयीही तशाच, पुलाच्या खांबाला, खडकाला, कांदळवनाच्या मुळांना चिकटून ओढीच्या कडेला दबा धरून बसायचं. इनलेटला मोठे स्नूक रात्री ओहोटीला मिळतात. फ्लेअर हॉक नावाचा जड जिग (वजनदार डोक्याचं खोटं आमिष) ओढीच्या वरच्या अंगाला टाकायचा, पाण्यासोबत तळाला ठोकत ठोकत जाऊ द्यायचा, दोरी ना ढिली ना ताठ. तळाचे ठोके रॉडमधून हाताला कळले पाहिजेत, टक, टक, टक, आणि मग एक ठोका वेगळा येतो, जड, आणि त्याच्या पुढच्या सेकंदाला मासा खडकाकडे निघालेला असतो. इथे ड्रॅग गुळगुळीत असून भागत नाही, माशाचं तोंड फिरवायला रॉडच्या खालच्या अर्ध्या भागात ताकद लागते, आणि इथे माझा मीडियम-हेवी रॉड कमी पडला असं प्रामाणिकपणे लिहितो. लगूनमध्ये, डॉकखाली, बीचवर उत्तम. जेटीवरून ओहोटीच्या ओढीत मोठ्या स्नूकसाठी 6000 ची रील, तीस-चाळीस पौंडी ब्रेड आणि हेवी रॉडच हवा. एकाच सेटमध्ये दोन्ही करायचा हट्ट कुणी करू नये.

स्नूकला दात नसतात, तोंड सँडपेपरसारखं खरखरीत असतं, अंगठ्याने जबडा धरता येतो, पण कल्ल्याचं झाकण मात्र ब्लेडसारखं. लीडर चाळीसचा म्हणतो तो यासाठी. आणि मोठा मासा उभा लटकवून फोटो काढू नका, पोटाखाली हात द्या, आडवा धरा, पाण्यात तोंड ओढीकडे करून तो स्वतःहून हात सोडवून जाईपर्यंत थांबा.

आता रीलच्या तक्रारीवर येतो. लाइन रोलर. बेलच्या (दोरी रीलवर गुंडाळणाऱ्या तारेच्या) टोकाला दोरी ज्या छोट्या चाकावरून फिरते ते. ड्रॅग सील्ड, बॉडी सील्ड, आणि सगळ्यात जास्त पाणी ज्याच्यावर पडतं त्या रोलरचं बेअरिंग उघडं, हे मला पटलेलं नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून दोरी गुंडाळताना बारीक किरकिर यायला लागली. स्क्रू काढला तर वॉशरच्या कडेला पांढरं मीठ जमलेलं, बेअरिंग हाताने फिरवलं तर रेती चावल्यासारखं लागत होतं. चार-पाच डॉलरचं स्टेनलेस बेअरिंग आणून बसवलं, आता दर दोन आठवड्यांनी एक थेंब तेल टाकतो, आवाज बंद. काम दहा मिनिटांचं आहे पण वॉशर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

धुण्याबद्दल लोक फार वेगवेगळं सांगतात म्हणून माझी पद्धत लिहितो. घरी आलो की ड्रॅग आवळून घ्यायचा, साध्या नळाच्या हलक्या धारेने किंवा स्प्रेने रील धुवायची, नोझलचा जोरदार फवारा कधीही मारायचा नाही, त्याने मीठ निघत नाही तर सीलच्या आत ढकललं जातं. मग कपड्याने पुसून, ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवायची म्हणजे आतल्या वॉशर दबून राहत नाहीत. बादलीत बुडवून ठेवायची पद्धत तर अजिबात नको.

रॉडचे गाइड (दोरी ओवायच्या कड्या) अजून स्वच्छ आहेत, टोकाच्या गाइडलाही गंज नाही. हँडल कॉर्कचं नाही, फोमचं, माशाच्या चिकट्याने मळतं पण धुतलं जातं. यावर अजून लिहिण्यासारखं काही नाही.

या सीझनचं पाणी कसं होतं ते मात्र लिहायलाच हवं. सप्टेंबरात पाणी 28-29 अंश, दुपारी लगूनमध्ये मासा तोंड उघडत नाही, पहाटे आणि संध्याकाळीच जायचं. मग ऑक्टोबर 2024 मध्ये मिल्टन चक्रीवादळ आलं, 9 तारखेच्या रात्री पश्चिम किनाऱ्यावर सिएस्टा कीला धडकून फ्लोरिडा आडवा कापत आमच्या बाजूने अटलांटिकमध्ये गेलं. त्यानंतर बरेच दिवस ओहोटीला लगूनमधून चहाच्या रंगाचं पाणी बाहेर येत होतं आणि भरतीला बाहेरचं हिरवं पाणी आत, दोन पाण्यांची सीमा जेटीच्या टोकाशी रेघ मारल्यासारखी दिसायची. मासा त्या रेघेवरच होता. भरतीच्या शेवटच्या तासात, हिरवं पाणी आत आलेलं असताना, चमचा (चमकणारं धातूचं आमिष) मारला की स्पॅनिश मॅकरेल, आपल्या सुरमईच्याच कुळातला पण छोटा, अंगावर सोनेरी ठिपके. त्याला दात आहेत, लीडर दर दोन-तीन माशांनी बघत जा.

याच दिवसांत किंग टाइड, म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी उधाणं. एरवी कोरड्या असणाऱ्या गवतात पाणी शिरतं आणि मागोमाग रेडफिश. इथे या सीझनला एक नियम लागू होता, इंडियन रिव्हर लगून भागात 1 सप्टेंबर 2022 पासून रेडफिश घरी न्यायला बंदी होती, पकडा आणि सोडा एवढंच. मला हा नियम मनापासून पटला. 2011 च्या शेवाळाच्या प्रचंड उद्रेकानंतर लगूनमधलं समुद्री गवत निम्म्याहून जास्त गेलं, जिथे मासा वाढतो तीच जागा उजाड झाली तर पाटीतला एक मासा कमी झाला म्हणून कुरकुर करायची नाही. स्नूकही पूर्व किनाऱ्यावर 1 जून ते 31 ऑगस्ट बंद, अंडी घालायचा काळ म्हणून, जशी आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै बोटी बंद असतात तसंच. परत 15 डिसेंबर ते 31 जानेवारी बंद, कारण थंडीत तो सुस्त होतो. 2010 च्या जानेवारीतल्या थंडीत फ्लोरिडात ढिगाने स्नूक मेले होते. सीझन चालू असतानाही माणशी एकच, 28 ते 32 इंचांच्या मधला, आणि लायसन्ससोबत स्नूकचं वेगळं परमिट लागतं, दहा डॉलर. जिवंत किंवा मेलेलं आमिष लावून स्नूकवर ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) वापरता येत नाही, सिंगल हुकच. फ्लाउंडर हा चपटा मासा 15 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबर बंद, नेमका तो लगूनमधून बाहेर पडतो तेव्हाच. नियम बदलत असतात, निघायच्या आधी राज्याच्या साइटवर बघून निघा.

आमिषासाठी बोटभर बोईट पागाने (हाताने फेकायच्या गोल जाळ्याने) काढतो. काकांकडून शिकलेला हात इथे कामाला आला, आठ फुटी पाग, बारीक आसाचा, फेकला की गोल उघडला पाहिजे बस. बोईट नाकातून अडकवायचा, वजन न लावता ओढीत सोडायचा, यापुढे महागडं प्लास्टिक काहीच नाही. तरी ज्यांना पाग जमत नाही त्यांनी तीन इंची पॅडलटेल (वल्ह्यासारख्या शेपटीचं रबरी आमिष) आणि पाव औंसाचं जिगहेड (वजन लावलेला गळ) घ्यावं, लगूनमध्ये तेवढं पुरतं.

नोव्हेंबरात पहिले दोन-तीन कोल्ड फ्रंट (थंड हवेच्या लाटा) येऊन गेले आणि बोईट संपले. पाणी वीस-बावीसवर येतं, ब्लूफिश येतात, आणि बीचवर पॉम्पानो, जो माझ्या घरी सगळ्यात आवडता, बायको तो रवा न लावता नुसत्या आगळ-मीठ-मसाल्यात परतते. सर्फच्या (किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांच्या) पहिल्या आणि दुसऱ्या वाळूच्या पट्ट्यामधल्या खोलगट भागात तो फिरतो, सँड फ्ली या वाळूतल्या छोट्या खेकड्यावर लागतो, 11 इंचाच्या वरचा ठेवता येतो. यासाठी मात्र हा सेट घेऊ नका. ईशान्येचा वारा सुटला की साडेसात फुटी रॉड दोरी लाटांच्या वर ठेवूच शकत नाही, फेस दोरी ओढून नेतो आणि तीन औंसाचं वजनही जागेवर राहत नाही. दहा-अकरा फुटी सर्फ रॉड, पंधरा-वीस पौंडी मोनो (एकपदरी नायलॉन दोरी) आणि पिरॅमिड सिंकर (वाळूत रुतणारं वजन) लागतात. रील तीच चालेल का असं विचाराल तर शांत दिवशी चालते, पण स्पूलवर दोरी कमी बसते, म्हणून मी तिथे जुनी 6000 लावतो आणि ही 4000 फेब्रुवारीत स्नूक उघडेपर्यंत डॉकखाली शीप्सहेड माशांवर वापरतोय.